‘पुढे काय झाले?’ या प्रश्नाला उत्तर नसलेली मालिका आपल्याला धरून का ठेवते?

मयेकाठ, डिचोली

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात, संततधारेमुळे सलग चार-पाच दिवस घराबाहेर पडणे कठीण झाले असताना, माझ्या भाचीने आपल्या लॅपटॉपवर मला ‘नॉन नॉन बियोरी’ ही जपानी ॲनिमे मालिका दाखवायला घेतली. लहानपणी दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलेला मोगली सोडला, तर जपानी चित्रमालिकांशी माझा संबंध एवढाच होता की शेजारची मुले हिंदीतला डोरेमॉन मोठ्या आवाजात लावत असत. त्यामुळे मारामाऱ्या, राक्षस, गेला बाजार खिशातून निघणारी चमत्कारिक यंत्रे तरी असतील, अशा तयारीने मी बसलो.

त्यातले काहीच निघाले नाही. जपानमधल्या एका आडवळणाच्या खेड्यात एक शाळा आहे, तिच्यात एकंदर पाच विद्यार्थी आहेत आणि त्या पाच जणांचे दिवस कसे जातात, एवढीच ही गोष्ट. तोक्योहून नव्याने आलेली पाचवीतली होतारू, सातवीतली नात्सुमी, तिची आठवीतली बहीण कोमारी, या दोघींचा नववीतला भाऊ सुगुरू (हा पठ्ठ्या मालिकाभर एक शब्दही बोलत नाही) आणि पहिलीतली रेंगे. पहिल्या भागात रेंगेला प्रश्न पडतो की आपण राहतो ते खेडेगाव आहे की काय, आणि त्यावर मुलांचा वाद होतो. भाग संपतो.

माझे बाबा कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, गाडीवर चालक होते. सत्तरी तालुक्यातल्या वस्तीच्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षे चालवल्या, आणि निवृत्तीनंतर संध्याकाळी सात वाजल्यापासून त्यांच्या मराठी मालिका सुरू होतात त्या जेवणाची ताटे मांडेपर्यंत. मी एवढे रंगून काय पाहतो आहे, असे त्यांनी विचारले म्हणून मी कथानक सांगू लागलो. ते म्हणाले, “बरे, मग पुढे काय झाले?” मी म्हटले, “पुढे काही नाही.” ते माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू मी तिकिटाचे पैसे देऊन गाडीत बसलो आहे आणि गाडी स्थानकावरून हललेलीच नाही.

तरीही मी बाराच्या बारा भाग पाहिले, आणि शेवटचे चार तर भाची पुण्याला परत गेल्यावर एकट्याने पाहिले. माझा प्रश्न असा आहे की हे आकर्षण नेमके कशाचे आहे. आपण खेड्यांतून वाढलेली माणसे आहोत म्हणून हे केवळ जुन्या दिवसांचे स्मरण आहे, की या मालिकांच्या घडणीतच असे काही आहे की ज्यामुळे काही न घडताही माणूस बसून राहतो? ज्यांनी अशा आणखी मालिका पाहिल्या असतील त्यांनी सविस्तर लिहावे. घाई नाही, पाऊस अजून आहे.

वाळवंटीपलीकडे, सत्तरी

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि माझ्या नोकरीतली बहुतेक वर्षे एकशिक्षकी शाळांत गेली आहेत. ही मालिका मला मुलाने ‘आई, तुझी शाळा बघ’ असे म्हणून दाखवली, त्यामुळे मी ती थोडी परीक्षकाच्या नजरेनेच पाहिली.

पहिली ते चौथीचे मिळून आठ-नऊ विद्यार्थी असतात तिथे फळ्यावर खडूने उभ्या रेघा ओढून चार भाग करावे लागतात. पहिलीला अक्षर गिरवायला द्यायचे आणि चौथीचा भागाकार घ्यायचा. तेवढ्यात दुसरीतला एखादा आपली वही सोडून त्या भागाकाराकडे तोंड उघडे टाकून बघत असतो आणि मध्येच उत्तर सांगून मोकळा होतो. मोठ्या मुली लहानांच्या वेण्या घालतात, माध्यान्ह आहाराची पावभाजी आली की कोणाला कमी मिळाले हे शिक्षिकेच्या आधी त्यांना कळते. अशा वर्गात वयाच्या भिंती नसतात. मालिकेने ही गोष्ट अचूक पकडली आहे. तिथली शिक्षिका काझुहो ही रेंगेची थोरली बहीण. ती वर्गात चक्क झोपा काढते आणि मुले आपापली पुस्तके काढून अभ्यास करत बसतात. मला अशी सोय कधी मिळाली नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. पहिल्या मालिकेच्या चौथ्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे आलेली होनोका नावाची मुलगी रेंगेला भेटते. गावात रेंगेच्या वयाचे दुसरे कोणीच नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या उंचीची मैत्रीण मिळते. दोघी हिंडतात, फोटो काढतात, उद्या भेटायचे ठरवतात. नंतर एके दिवशी रेंगे नेहमीसारखी बोलवायला जाते तेव्हा आजी सांगते की वडिलांच्या कामामुळे होनोकाला अचानक परत जावे लागले. त्यानंतर पडद्यावर रेंगेचा चेहरा आहे आणि दुसरे काहीही नाही. ती बोलत नाही, हलत नाही, कोणी तिची समजूत काढत नाही, संगीतही तिच्या मदतीला धावून येत नाही. आपण तो चेहरा बघत राहतो, इतका वेळ की काही बिघडले आहे की काय असे वाटू लागते, आणि मग तिच्या डोळ्यांत हळूहळू पाणी भरते.

माझ्या एका शाळेत रस्त्याच्या कामावर आलेल्या कुटुंबातील एक मुलगी तीनेक महिने होती. भाषा वेगळी, पण दुसरीतल्या एका मुलीशी तिचे फार जमले होते. एका सोमवारी ती आली नाही. काम पुढे सरकले तशी त्यांची झोपडीही पुढे गेली होती. त्या दुसरीतल्या मुलीने दोन दिवस आपल्या शेजारी चटईवर दप्तर आडवे ठेवून जागा धरून ठेवली. तिसऱ्या दिवशी दप्तर मांडीवर घेतले. मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे काय होते? पण ते दोन दिवस मला अजून आठवतात, आणि तो प्रसंग पाहिल्यावर कळले की असा प्रसंग सांगायचा झाला तर त्याला वेळच द्यावा लागतो, त्यावर दुसरा उपाय नाही.

घटना लहान असली म्हणून ती पचायला लागणारा काळ लहान नसतो. आपल्या संध्याकाळच्या मालिकांत एक थोबाडीत तीन बाजूंनी तीन वेळा दाखवतात, वर विजांचा कडकडाट लावतात, आणि जिला ती बसली तिच्याकडे बघायला मात्र कोणाला सवड नसते. तुमच्या बाबांना माझ्यातर्फे हे सांगा. मीही त्याच मालिका बघते, म्हणून अधिकाराने बोलते आहे.

जाता जाता एक माहिती. मालिकेतली शाळेची इमारत साइतामा प्रांतातल्या ओगावा इथल्या शिमोझातो शाखाशाळेवरून चितारली आहे. लाकडी, बैठी, सुंदर इमारत. आता तिथे वर्ग भरत नाहीत. मालिकेचे चाहते ती पाहायला जातात. आमच्या भागातल्या बंद झालेल्या शाळांपैकी एकीत सध्या मंडळाचे साहित्य ठेवतात.

चोवीस फ्रेमा, पर्वरी

बाईंनी त्या चेहऱ्याचा उल्लेख केला म्हणून धंद्याच्या बाजूने थोडे लिहितो. मी जाहिरातींसाठी ॲनिमेशन करतो, म्हणजे लोकांनी चार सेकंदांत डोळे दुसरीकडे वळवू नयेत याची मजुरी घेतो.

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेमा असतात. प्रत्येक फ्रेमसाठी स्वतंत्र चित्र काढणे जपानी दूरचित्रवाणीला कधीच परवडले नाही, त्यामुळे एकच चित्र तीन फ्रेमा टिकवायचे आणि सेकंदाला आठ चित्रांत काम भागवायचे, ही रीत १९६३ साली ‘ॲस्ट्रो बॉय’ सुरू झाले तेव्हापासून तिथे रुळली. आठवड्याला एक भाग द्यायचा तर जिथे हालचाल टाळता येईल तिथे टाळायची. ओठ हलवायचे, चेहरा स्थिर ठेवायचा. माणसे न दाखवता आभाळ, विजेची तार, रिकामा व्हरांडा दाखवायचा. ही सगळी काटकसर होती. पुढे काही दिग्दर्शकांच्या लक्षात आले असावे की या काटकसरीतून एक शांतता तयार होते, आणि ती वापरता येते. पार्श्वभूमीचे चित्र कितीही बारकाईने रंगवले तरी ते एकदाच रंगवायचे असते. म्हणून या मालिकांत माणसे साध्या रेषांची आणि डोंगर, भाताची खाचरे, जुनी कौले मात्र हात राखून न ठेवता रंगवलेली असतात. नजर त्या चित्रात फिरू लागते, आणि कानाला दुपारभर झाडांवर किर्र करणारे सिकाडा किडे ऐकू येत राहतात. चित्र हलत नाही पण आवाज चालू आहे, म्हणजे वेळ चालू आहे. होनोकाच्या भागात हेच केले आहे. तो स्थिर चेहरा बहुधा त्या भागातला सर्वांत स्वस्त शॉट असेल, आणि तोच सगळ्यांना पाठ आहे.

या परंपरेचे मूळ शोधायचे तर मी १९७४ च्या ‘हायडी’पर्यंत जाईन. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, दृश्यांची मांडणी हायाओ मियाझाकी यांची, भाग ५२. त्याच्या आदल्या वर्षी ही मंडळी मुद्दाम स्वित्झर्लंडला जाऊन घरे, गवत, डोंगरउतार पाहून आली होती, आणि त्या काळात मुलांच्या चित्रमालिकेसाठी असा प्रवास कोणी करत नसे. विस्तवावर चीज वितळते आहे आणि ते पावावर ओघळते आहे, एवढ्या दृश्यावर तिथल्या एका पिढीचे प्रेम आहे. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, ‘साझाए-सान’ ही एका कुटुंबाची साधी मालिका सुरू झाली. ती रविवारी संध्याकाळी लागते आणि आजही चालू आहे. ती संपली की उद्या सोमवार, कामावर जायचे, या विचाराने येणाऱ्या उदासीला जपानी लोकांनी त्या मालिकेचेच नाव दिले आहे.

या प्रकाराला जपानीत ‘निचिजो-केइ’ म्हणतात; निचिजो म्हणजे रोजचे, नित्याचे. त्यातच एक पोटजात ‘इयाशि-केइ’, म्हणजे मनाला उतार पडावा अशी. जानेवारी १९९५ मध्ये कोबेचा भूकंप झाला, त्याच वर्षी मार्चमध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, आर्थिक फुगा आधीच फुटलेला होता. त्यानंतरच्या वर्षांत ‘इयाशी’ हा शब्द तिथे संगीतापासून जाहिरातींपर्यंत सर्वत्र ऐकू येऊ लागला. म्हणजे ही शांतता ज्यांना हवी होती ती माणसे शांत जागी राहत नव्हती, हे लक्षात ठेवावे.

मयेकाठ, डिचोली

बाई, तुमचा निरोप बाबांना वाचून दाखवला. थोबाडीच्या उल्लेखाला ते हसले, पण ‘बाई खरे बोलतात’ यापलीकडे काही म्हणाले नाहीत आणि सात वाजता रिमोट घेऊन बसले.

कार्यालयात हाच विषय काढला तेव्हा एका सहकाऱ्याने झटकन निकाल लावला: “म्हणजे जपानी लोकही आपल्यासारखेच सुशेगाद.” मला ते पटले नाही, पण का पटले नाही हे नीट सांगता आले नाही.

कुळागरातून, फोंडा

मी सांगतो. ‘सुशेगाद’ हा शब्द पोर्तुगीजातून आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ निवांत, स्वस्थ एवढाच होता. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला बनियन घालून खुर्चीत आडवा केला. माझ्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पाटाचे पाणी कोणत्या दिवशी कोणत्या वाफ्याला फिरवायचे हे ठरलेले असते, पावसाआधी सुपारीच्या घोसांना कोंडी (झाकणे) बांधायची असतात, आणि नारळ पाडणारा पाडेली ‘उद्या येतो’ म्हणून गेला की पंधरा दिवस नारळाकडे मान वर करून बघत बसावे लागते. लांबून पाहणाऱ्याला सावली, गारवा आणि पाण्याचा आवाज दिसतो. आम्हाला काम दिसते.

म्हणूनच ‘नॉन नॉन बियोरी’विषयी माझी तक्रार आहे. भाची म्हणाली म्हणून मीही थोडे भाग पाहिले (सगळ्यांच्या भाच्यांनी एकाच वेळी कट केलेला दिसतो). खाचरे आहेत पण जळवा नाहीत. वडील, काका ही माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. कोणाचे कर्ज नाही, जमिनीचा वाद नाही, भावाभावांत बोलणे बंद नाही. असले खेडे मला कोणी दाखवले तर मी तिथे उद्याच राहायला जाईन. चोवीस फ्रेमा म्हणतात ते बरोबर आहे: हे शहरातल्या थकलेल्या माणसासाठी रंगवलेले खेडे आहे. चित्र म्हणून उत्तम. पण त्याला खेडे म्हणू नये.

माझे मत विचाराल तर ‘बाराकामोन’ पाहावी. १२ भाग, २०१४ सालची. हांदा नावाचा तेवीस वर्षांचा सुलेखनकार. एका प्रदर्शनाचे वयोवृद्ध संचालक त्याचे अक्षर पाठ्यपुस्तकी आहे असे म्हणतात, आणि हा त्यांना ठोसा मारतो. काठी घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला! बाप त्याची रवानगी नागासाकी प्रांतातल्या गोतो बेटांवर करतो. या कथेची मूळ लेखिका सात्सुकी योशिनो त्याच बेटांवरची आहे, आणि ते कळते. बेटावरची माणसे आल्यागेल्याला देवत्व देत नाहीत. न विचारता घरात येतात, मुले त्याच्या घरात आपला अड्डा असल्यासारखी वावरतात, त्याच्या शाईची नासाडी करतात. नारू या लहान मुलीला आवाजही खऱ्या लहान मुलीचाच आहे, मोठ्या बाईने बारीक काढलेला नव्हे. हा फरक मला पहिल्या पाच मिनिटांत जाणवला.

त्यात मोचीचा, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांचा, प्रसंग आहे. नवीन बांधकामाच्या वेळी वरून या मोची फेकतात आणि खाली गाव गोळा होतो. हांदाला एकही मिळत नाही, सगळ्या वरच्यावर कोणीतरी झेलते. तेव्हा यासुबा ही म्हातारी त्याला सांगते की वर बघू नकोस, खाली पडलेल्या बघ. आणि तरीही दुसऱ्याने आधी हात घातला तर ‘घ्या’ म्हण आणि पुढच्या चांगल्या मोचीची वाट बघ. माझी आजी जत्रेत प्रसादाच्या गर्दीत अशीच एका बाजूला उभी राहायची. गर्दी ओसरली की तिच्या पदरात सर्वांपेक्षा जास्त असे, आणि ते कसे, हे तिने कधी कोणाला सांगितले नाही.

तर माझे म्हणणे एवढेच की ‘काही घडत नाही’ हे वर्णन चुकीचे आहे. काम घडते. हांदा दिवसभर कागदावर कागद लिहून फाडतो. पहिल्याच भागात नारू त्याला भिंतीवर चढायला लावते, तो वरून मावळतीचा समुद्र पाहतो आणि घरी येऊन एकच अक्षर लिहितो, आनंद या अर्थाचे, कागदभर. आजवर शिकलेली घोटीव शिस्त त्यात कुठेच नसते. मालिका शांत वाटते कारण ती कामाकडे बघते आहे, निकालाकडे नाही.

वसतिगृह दुसरा मजला, पणजी

मोठ्या माणसांत मी लहान आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. वरच्या चर्चेत ‘युरू कॅम्प’ कोणी आणली नाही याचे आश्चर्य वाटले. २०१८ पासूनची मालिका आहे आणि तिच्यात यामानाशी प्रांतातल्या शाळकरी मुली थंडीत तंबू ठोकून राहतात. पहिल्या भागात नादेशिको फुजी पर्वत पाहायला सायकलने मोतोसु तलावाकाठी येते, कारण तेव्हाच्या हजार येनच्या नोटेवर तिथूनच दिसणारा फुजी छापलेला होता. आणि येऊन बाकावर झोपी जाते, ती रात्र पडल्यावर उठते. तिथे एकटी तंबूत राहायला आलेली रिन तिला आपल्याकडचे कपातले नूडल्स देते. त्या गरम कपावरची वाफ आणि मग ढग हटून दिसलेला चांदण्यातला डोंगर, एवढ्यात माझा निर्णय झाला होता.

पण मला सर्वांत आवडते ते पुढचे. रिनला एकटे राहायला आवडते, आणि मालिका तिला ‘सुधारत’ नाही. पाचव्या भागात दोघी दोन वेगळ्या ठिकाणी तंबूत आहेत. रात्री उशिरा एकमेकींना फोनवर आपापल्या समोरच्या शहराच्या दिव्यांचा फोटो पाठवतात. बस्स. मी काणकोणहून पणजीला आले तेव्हा पहिल्या महिन्यात आईचे रोज तीन फोन येत आणि दोघींनाही बोलायला काही नसे. आता ती संध्याकाळी तुळशीपुढच्या दिव्याचा फोटो पाठवते, मी गॅलरीतून दिसणाऱ्या मांडवीचा. शनिवारी फोन करतो तेव्हा सांगण्यासारखे खूप असते.

रायबंदरची फेरी, चोडण

वीस वर्षे मी चोडणहून फेरीबोटीने कामाला गेलो, म्हणून माझी शिफारस अर्थातच पाण्यावरची असणार. ‘आरिया’, २००५ साली सुरू झालेली. २३०१ साल आहे. मंगळावर इतके पाणी आणले गेले आहे की त्याचे नाव आक्वा पडले आहे, आणि तिथे व्हेनिसची प्रतिकृती असलेले नव-व्हेनेझिया नावाचे शहर वसले आहे. पृथ्वीवरून आलेली आकारी तिथे गोंडोला वल्हवून प्रवाशांना शहर दाखवण्याचे काम शिकते आहे. अंतराळाची कथा म्हणावी तर युद्ध नाही, शत्रू नाही. वर्ष मात्र चोवीस महिन्यांचे आहे. उन्हाळा सहा महिने, पाऊस असेल तर तोही पुरता, म्हणजे काळच लांबवून ठेवला आहे. दिग्दर्शक जुनिची सातो यांनी त्याआधी ‘सेलर मून’चे दिग्दर्शन केले होते, म्हणजे धडाकेबाज काम त्यांना येत नव्हते म्हणून ही मालिका संथ झाली, असे कोणी समजू नये.

कुळागरवाल्यांचा मुद्दा मी याच मालिकेवरून पुढे नेतो. नव्या शिकाऊ मुलींना दोन्ही हातांत हातमोजे घालावे लागतात, कारण वल्हे कसे धरावे हे अजून कळलेले नसते आणि तळहाताला फोड येतात. हात बसला की एक हातमोजा उतरतो. पूर्ण तयार झाली की दुसराही. पदवी, पदक, समारंभ यांच्याऐवजी अंगावरचे काहीतरी कमी होते. आमच्या फेरीवर नवा खलाशी आला की धक्क्याला लागताना दोर फेकायला तीन-तीनदा प्रयत्न करी आणि प्रवासी त्याला सूचना देत. काही महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्याशी बोलता बोलता, न बघता दोर टाकू लागे. तो कोणत्या दिवशी शिकला हे आम्हा रोजच्या प्रवाशांपैकी कोणालाही सांगता आले नसते. ‘आरिया’ मात्र नेमका तो दिवस दाखवते, आणि त्यासाठी आधीचे सगळे साधे दिवसही दाखवते, नाहीतर हातमोजा उतरल्याचे आपल्याला काय वाटणार?

या मालिकांचा एक खरा धोका मात्र आहे, तो म्हणजे गोडवा. आकारी ऊठसूट आनंदाविषयी, योगायोगांविषयी काव्यमय बोलत असते. पण लेखिकेला हे ठाऊक आहे. आकारीने असे एखादे वाक्य टाकले की तिची मैत्रीण आयका ताबडतोब ओरडते की लाजिरवाणी वाक्ये बोलायला बंदी आहे. मीही इथे आता काहीतरी तसलेच लिहिणार होतो, ते खोडले.

मयेकाठ, डिचोली

सर्वांचे आभार. ‘बाराकामोन’ पाहून झाली, ‘आरिया’ सुरू केली आहे. कुळागरवाल्यांचा जळवांचा मुद्दा मान्य.

बाबांचे सांगायचे राहिले. गेल्या रविवारी वीज गेली होती आणि केबल बंद होती, तेव्हा मी लॅपटॉपवर चौथा भाग लावला. त्यांना वाक्यांचा अर्थ मी मधूनमधून सांगत होतो. होनोका गेल्याचे आजी सांगते तिथे मी थांबलो, कारण सांगण्यासारखे काही उरले नव्हते. रेंगेचा चेहरा पडद्यावर होता. बाबा पुढे वाकून बघत होते, आणि मला वाटले की आता ते विचारतील, पुढे काय झाले.

ते म्हणाले, “सकाळच्या पहिल्या गाडीने गेली असणार.”

मग थोड्या वेळाने, पडद्यावरची नजर न काढता, “चवथ झाली की वस्तीच्या गाडीला पहाटे अशीच माणसे असायची. मुले उठायच्या आधी निघायची. नाहीतर ती रडत गाडीमागून येतात.”